कोमट मिस्त्री

आमच्या धक्क्यावरून माझ्या दिरांनी बोट लावल्याशिवाय एकही होडी सुटत नव्हती, आणि ते बोट मेलेलं होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. गोष्ट रंगवायची, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, हे मला जमत नाही आणि जमलं असतं तरी ह्या बाबतीत केलं नसतं. मेलेलं म्हणजे तुटलेलं नव्हे. हाताला जागच्या जागी होतं, वाकत होतं, पान्हा धरत होतं. फक्त त्याला गरम-गार कळत नव्हतं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही, आणि त्यात माझा नवरा गेला.

भाऊजी होड्यांच्या मोटरी दुरुस्त करतात. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ती मोटर, वर डोकं आणि खाली पाण्यात सोडलेला लांब पाय. ती तापते. तापणं हा तिचा जन्माचा रोग. म्हणून तिला सतत पाणी पाजावं लागतं. पायाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत येतं, एक रबरी पंखा ते वर ढकलतो, ते मोटरीच्या अंगात फिरतं आणि त्यातलं थोडंसं बाजूच्या भोकातून धार होऊन बाहेर पडतं. धार दिसली म्हणजे पाणी फिरतंय. नाही दिसली तर मोटर बंद करा, नाहीतर ती आतल्या आत भाजून जाम होईल. एवढं धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण भाऊजी सगळ्यांना बजावायचे की धारेवर भुलू नका. धार छान दिसते आणि आत मोटर शिजत असते, असंही होतं. धारेत बोट धरा. कोमट लागली तर जा. चटका बसला तर काठालाच राहा.

बजावून बजावून शेवटी लोकांनी ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. सकाळी होड्या ओळीने लागायच्या, मोटरी चालू व्हायच्या, त्या चांगल्या तापेपर्यंत भाऊजी हाताची घडी घालून उभे. मग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, प्रत्येक धारेत उजव्या हाताचं पहिलं बोट धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कोमट. जा." मग माणसं होडीत चढायची. त्याआधी कुणी चढत नसे. पलीकडच्या कारखान्यातले कामगार, इस्पितळातल्या नर्सबाई, शाळेतले मास्तर, सगळे कठड्याच्या मागे डबे-पिशव्या घेऊन थांबलेले असायचे. त्यातूनच नाव पडलं, कोमट मिस्त्री. खरं नाव आता फक्त घरातल्यांना आठवत असेल, आणि घरात आम्ही भाऊजी, काका असंच म्हणतो.

एवढा थाट कशाला, असं वाटेल कुणाला. आमची खाडी रुंद नाही, आणि पूल लांब वळशाचा म्हणून लोक होडीनेच जातात, पण वाटेत मधे तिचं समुद्राकडचं तोंड आहे. ओहोटीला तिथलं पाणी समुद्राकडे असं धावत सुटतं की वल्ह्याचं काही चालत नाही. मोटर बंद पडली तर होडी सरळ खडकांवर. आता मोटर तापली की ओरडायला तिच्यात कंपनीने भोंगा दिलेला असतो. आमच्याकडे झाडून सगळ्यांनी त्या भोंग्याच्या तारा कापून टाकल्या आहेत. का, तर भोंगा वाजला की माणसं घाबरून उभी राहतात आणि होडी कलते. म्हणजे आग लागल्याची ओरड नको म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड बांधायचं. ही आमची अक्कल. त्या भोंग्याच्या जागी भाऊजींचं बोट होतं.

मी ह्या घरात आले तेव्हा भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. मी माहेराहून नवाकोरा स्टोव्ह आणला होता. चार दिवसांत त्यांनी तो उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. आमच्या ह्यांनी कान पिळायला हात उचलला, तर मी मधे पडले, म्हटलं आधी जोडतात का ते बघू. जोडला. पूर्वीपेक्षा बरा पेटायला लागला. तेव्हापासून मी त्यांची आणि ते माझे. आई लवकर गेलेली, त्यामुळे ताप आला की डोकं माझ्या मांडीवर. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे कामाला लागले. तो माणसांशी एक शब्द बोलायचा नाही, मोटरींशी मात्र तासन् तास बोलायचा. त्याच्या हाताखाली राहून भाऊजींचंही तेच झालं. लग्न केलं नाही. एक मुलगी सांगून आली होती, तिने हाताला तेलाचा वास येतो म्हणून नाक मुरडलं, आणि भाऊजींनी त्यानंतर विषयच काढू दिला नाही. वास येत होता हे खरं आहे.

त्यांचा गाळा आमच्या स्वयंपाकघराला लागून. मधे एक दार, ते कायम उघडं, कारण ते बंद होण्याइतकं सरळ कधी नव्हतंच. मोटरी दुरुस्त करणाऱ्याच्या घरातलं दार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दारातून मी रोज बघायची. एखादा होडीवाला तणतणत यायचा की मोटर तापते, मधेच दम सोडते, रंग जळाल्यासारखा वास येतो. भाऊजी त्याला स्टुलावर बसवायचे, मोटर पाण्याच्या पिंपात उभी करून चालू करायचे आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. धारच नसेल तर आधी भोकात बारीक तार. पुष्कळदा तिथेच सापडायचं, माशीने मातीचं घर केलेलं. मग जाळी बघायची. तिच्यात पिशव्या, शेवाळ, एकदा तर तान्ह्या मुलाचा मोजा निघाला. मग पाय उतरवून पंखा. पंख्याची पाकळी तुटलेली असली तर नुसता नवा पंखा घालून ते मोकळे होत नसत, तुटलेला तुकडा शोधत बसायचे. तो गेला कुठे, तो वर नळीत जाऊन बसला असणार आणि उद्या दगा देणार, असं त्यांचं म्हणणं. मालक घड्याळ बघायचा. भाऊजी नळीत तोंडाने फुंकर घालत बसायचे.

सगळं ठीक निघालं तर शेवटी झडप. थर्मोस्टॅट म्हणतात तिला. अंगठ्याएवढी पितळी वस्तू. मोटर गार असताना ती मिटलेली असते, तापली की उघडते आणि पाण्याला पुढे वाट देते. खाऱ्या पाण्यात राहून तिच्यात मीठ बसतं आणि ती उघडायचीच बंद होते. हाच तो रोग, धार दिसते आणि मोटर शिजते तो. ही झडप तपासायची तर उकळत्या पाण्यात टाकून उघडते का बघायचं. आणि उकळतं पाणी कुठे मिळणार? माझ्या गॅसवर, माझ्या दुधाच्या पातेल्यात. जगात दुसरी भांडीच नाहीत. मी ओरडायची, की आमच्या चहाला ऑइलचा वास येतो. ते शांतपणे सांगायचे की वहिनी, ह्या पातेल्याचं बूड सपाट आहे, झडप स्थिर बसते. आणि वर मलाच चिमटा मागायचे. मोटरीच्या तापाशी खेळणारा माणूस, पण चटक्याला फार भित्रा. वाफ लागली तरी हात झटकायचे.

मग त्यांना साखरेचा आजार निघाला. आमच्याकडे आजार आला की आधी त्याची थट्टा होते. एकदा भाऊजी बाजारातून घरी आले ते एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. वाटेत कुठे तरी चप्पल निसटली आणि त्यांना पत्ताच नाही. आमचे हे पोट धरून हसले. म्हणाले, माझ्या भावाचा पाय शाळा सोडून पळून गेला. भाऊजीही हसले. पण मी तळपाय बघितला तर काचेचा तुकडा रुतलेला, रक्त वाहतंय, आणि त्यांना ठणका नाही. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने नसा मरतात, पायापासून सुरुवात होते, जपा. गोळ्या दिल्या. गोड बंद झालं. पायाकडे मी लक्ष ठेवलं. हाताचं डॉक्टर बोलले असतील तर ते भाऊजींनाच माहीत, कारण नंतर ते एकटेच जात होते.

आमचे हे गेले त्या आठवड्यात त्यांची मोटर दम सोडायला लागली. हे त्याच खाडीत होडी चालवायचे, धक्क्यावरचे सगळ्यांत जुने. दोघे भाऊ संध्याकाळी गाळ्यात बसले. पंखा काढला तर पाकळ्या झिजून वाकलेल्या. नवा घातला, मोटर पिंपात चालू केली, आणि धार अशी जाड आली की ह्यांनी शिट्टी मारली. रोग सापडला म्हणून दोघे खूश. झडप बघितली नाही. एक कारण हाती लागलं की दुसरं शोधायचं कशाला, आणि सकाळी धक्क्यावर बोट आहेच की. आत्तापर्यंत त्या बोटातून काही सुटलं नव्हतं.

सकाळी हे पहिले निघाले, पलीकडून रात्रपाळीची माणसं आणायला, म्हणून होडीत एकटेच. ओहोटी होती. भाऊजींनी धारेत बोट धरलं, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरलं असं तिथली माणसं नंतर म्हणाली. म्हणाले, "कोमट. जा." ह्यांनी हात वर केला आणि गेले.

पलीकडे थांबलेल्या लोकांनी बघितलं. खाडीच्या तोंडापाशी मोटरीतून पांढरी वाफ निघाली आणि आवाज थांबला. हे मागे वळून मोटरीवर वाकले, दोरी ओढली, पुन्हा ओढली. मग वल्हं घेतलं. दुसरी होडी सुटेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना संध्याकाळी घरी आणलं. त्याबद्दल मी बोलणार नाही.

मोटर खडकात अडकून राहिली होती, ती लोकांनी काढून आणली. भाऊजींनी गाळ्याचं बाहेरचं दार लावलं आणि मधल्या दाराकडे पाठ करून ती उघडली. बाहेर आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. जाळीत ही होती म्हणाले. पाणी बंद झालं, मोटर जाम झाली. सगळ्यांना पटलं. न पटायला काय होतं? समुद्रात हल्ली माशांपेक्षा पिशव्या जास्त. मी तर पिशव्या फेकणाऱ्या सगळ्या जगाला शिव्याशाप दिले, तोंड सुकेपर्यंत दिले. भाऊजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. दुसऱ्याच दिवसापासून ते पुन्हा धक्क्यावर जाऊ लागले, पुन्हा कोमट, पुन्हा जा. लोक म्हणाले, काय माणूस आहे, सख्खा भाऊ गेला पण कर्तव्य चुकला नाही.

मुकादमाने, म्हणजे धक्क्यावर होड्यांच्या पाळ्या लावणाऱ्याने, माझ्या मुलाला दुसरी होडी देऊ केली. मुलगा बापाबरोबर त्याच पाण्यात वाढलेला, त्याला दुसरं काय येणार? मी नाही म्हणाले, रडले, मग गप्प झाले. ज्या दिवशी तो पहिल्यांदा जायचा, त्याच्या आदल्या दुपारची ही गोष्ट.

मी भांडी घासत होते. भाऊजी माझ्या गॅससमोर उभे होते, पातेल्यात पाणी रटरटत होतं आणि तळाला झडप पडली होती. मिटलेली. पाणी उकळून उकळून निम्मं झालं तरी मिटलेली. मी म्हटलं, आता गॅस तरी बंद करा, ही उघडत नाही हे मलासुद्धा दिसतंय. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या उकळत्या पाण्यात हात घातला, दोन बोटांनी झडप उचलली, बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून उलटीपालटी करून बघत राहिले. काही घाई नाही. बोटं लाल झाली, कातडी पांढरी पडून सुटायला लागली, आणि चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही. चिमटा तिथेच, त्यांच्या कोपराशी, खिळ्याला टांगलेला होता.

मी "हात" एवढंच म्हणाले. त्यांनी आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघावं तसं बघितलं. मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच महिने झाले, वहिनी."

"ह्यांच्या मोटरीला बोट लावलंत तेव्हा?"

"तेव्हाही नव्हतं कळत." ते झडप मुठीत धरून उभे होते. "ही दादाच्या मोटरीतली आहे. पिशवी मी आणून दाखवली."

मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. आधी बोटाला मुंग्या यायच्या, मग गरम-गार उशिरा कळायला लागलं, मग कळेचना. मनगटाने बघायचं म्हटलं तर सगळा धक्का बोटाकडे डोळे लावून असायचा, कुणी तरी विचारलं असतं. म्हणून धारेचा जोर बघून ते ठरवायला लागले. धार जोरात तर कोमट. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, कारण बहुतेक मोटरी बऱ्याच असतात. ज्याला भुलू नका म्हणून जन्मभर लोकांना सांगितलं, त्यालाच स्वतः भुलले. त्या दिवशी नवा पंखा होता, जोर भरपूर होता, पाणी चटका देणारं असणार, आणि त्यांना काही कळलं नाही. सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. उघडली असती तर मला कोण उभं करणार होतं? मला दुसरं येतं काय?

मी ह्या घरात आल्यापासून त्यांना तुम्हीच म्हणत आले. अर्ध्या चड्डीतल्या मुलालाही अहो-जाहो केलं, रीत म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून तू निघालं.

"सव्वा लाखाची मूठ तुझी, आणि मेला माझा नवरा," मी म्हणाले. "तू स्वतःच्या भावाला 'जा' म्हणालास. तुला माहीत नव्हतं आणि तू म्हणालास."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले नाहीत. मला त्यांचा असा राग आला होता की ते पातेलं उचलून त्यांच्या अंगावर ओतावं. आणि त्याच वेळी माझ्याच हातांनी मी बादली पुढे ओढली आणि त्यांचा भाजलेला हात गार पाण्यात धरला. हाताला सवय होती, बाकी काही नाही. ते रडत होते. मी रडले नाही. मी सांगितलं की उद्या माझा मुलगा जाणार आहे, तुझ्या बोटावर मी त्याला सोडणार नाही, उद्या सकाळी धक्क्यावर सगळ्यांसमोर हे सगळं सांगायचं, मग तुला मारोत नाहीतर पाण्यात ढकलोत. त्यांनी हात बादलीतून बाहेर काढला. मग म्हणाले, सांगतो.

संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. त्याने जेवण पुरं केलं, ताट धुतलं, गाळ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आत काका हाताला फडकं बांधून बसले होते. परत येऊन तो मला एवढंच म्हणाला, "म्हणजे पिशवी नव्हतीच."

सकाळी मीही धक्क्यावर गेले. एरवी मी तिकडे फिरकत नाही. होड्या ओळीने लागल्या होत्या, माणसं कठड्यामागे थांबली होती. भाऊजींनी सगळ्या होडीवाल्यांना एका बाजूला बोलावलं, मोटरी बंद करायला लावल्या आणि सांगितलं. सगळं सांगितलं. बोटाचं, जोराचं, झडपेचं, पिशवीचं. जन्मात एका वेळी एवढं बोलले नसतील. हाताचं फडकं सोडून दाखवलं. म्हणाले की आजच्या दिवस होड्या थांबवा, मी एकेक मोटर उघडून झडप बघून देतो, भोंग्याच्या तारा जोडून देतो, कुणी काही देऊ नका. एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले. मार खायच्या तयारीने उभे होते.

कुणी हात उगारला नाही. कुणी शिवी दिली नाही. सगळे आपापल्या होडीकडे बघत होते. मग मुकादम पुढे आला, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला की हे आपल्याआपल्यात ठीक आहे मिस्त्री, पण माणसं खोळंबली आहेत, बोट लावून घ्या.

"मला कळत नाही म्हणून तर सांगतोय," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला नाही कळलं तरी चालेल," मुकादम म्हणाला. "त्यांना दिसलं म्हणजे झालं."

मला वाटलं आता माझा मुलगा उसळेल. बाप गेलाय त्याचा. मी त्याच्याकडे बघितलं. तो होडीत उभा होता, मोटरीची दोरी हातात घेऊन. त्याने दोरी ओढली, मोटर चालू झाली, धार पडायला लागली.

"लावा, काका," तो म्हणाला. "ही माणसं एकदा पुलावरून बसने गेली तर परत नाही यायची. मला निघायचंय."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माझ्या पोटचा. काल रात्री ह्याला मी सगळं सांगितलं होतं. भाऊजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान हलवली. मुकादमाने पुन्हा सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. ते हलले नाहीत. शेवटी मुकादमाने तिकिटं फाडणाऱ्या माणसाला हाक मारली. तो बिचारा पिशवी काखेत मारून आला, माझ्या मुलाच्या मोटरीशी वाकला, धारेत बोट घातलं, डोळे मिटले, हुबेहूब भाऊजींसारखे, आणि कठड्याकडे तोंड करून ओरडला की कोमट आहे, चला.

आत्ता चालू झालेली मोटर. ती गार लागणार, कोणतीही असो. तापल्याशिवाय बोट लावून उपयोग काय? भाऊजी तेच ओरडत पुढे धावले, थांबा, तापू द्या, जरा तापू तर द्या. पण तोवर बाकीच्या मोटरीही चालू झाल्या होत्या आणि त्यांचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. माणसं भराभर चढली. एक ओळखीची नर्सबाई जाता जाता मला म्हणाली, मिस्त्रींचा हात भाजलेला दिसतोय, मलम लावा त्यांना. होड्या सुटल्या. ओहोटी लागली होती.

मुलगा त्या दिवशी परत आला. त्यानंतरही रोज येतोय. भाऊजी आता धक्क्यावर जात नाहीत. धारेत बोट तिकीटवालाच घालतो, आणि लोक त्यालाही नमस्कार करून चढतात म्हणे. मुलाची मोटर मात्र भाऊजी रोज संध्याकाळी उघडतात, पंखा, जाळी, झडप, सगळं. भोंग्याच्या तारा त्यांनी जोडून दिल्या होत्या, त्या मुकादमाने पुन्हा काढायला लावल्या आणि मुलाने काढल्या. मी भांडले. माझं कोण ऐकतं?

सकाळी मुलगा गेला की घरात आम्ही दोघंच. मी ओट्याशी, ते गाळ्यात, मधलं दार उघडं. त्याचे पाय दारात दिसेपर्यंत ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. तो आला की मी दोघांना वाढते. एखाद्या दिवशी तो आला नाही तर मी काय करीन, हे मी भाऊजींना सांगितलेलं नाही, आणि त्यांनी विचारलेलं नाही.